जाळीपाशी

"एक सांगून ठेवतो," बाबा फोनवर म्हणाले होते. "आत्या तुझ्याकडे राहायला येतेय, चांगलंच आहे. पोरीला सांभाळेल, तुझ्या डोक्यावर मिरे वाटेल, सगळं करेल. फक्त तिला त्या जाळीबद्दल विचारू नकोस. आपणहून बोललीच तर ऐक आणि सोडून दे. पुढे कुणाला सांगत बसू नकोस."

"कुठली जाळी?"

"बघ! माझं वाक्य संपायच्या आत विचारलंसच."

ती हसली. बाबांचं हे नेहमीचंच, साधा जिना चढायचा तर आधी चार सूचना. शिवाय त्याच क्षणी खांद्यावरच्या पिलूने फाटलेलं दूध तिच्या मानेवरून आत सोडलं, आणि त्या कोमट, आंबट ओघळापुढे बाबांचा इशारा कुठल्या कुठे वाहून गेला.

किळस हा तिचा जुना रोग. लहानपणी ती दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नसे, कॉलेजात दुसऱ्याचं पेन हातात घेत नसे. मूल झाल्यावर ही खोड जाईल असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. गेली नाही. उलट आता त्या खोडीच्या जोडीला पहारा आला. पिलूच्या तोंडात काय गेलं, नखात काय अडकलं, शी कुठल्या रंगाची झाली, हे ती डोळ्यांत तेल घालून बघायची, आणि बघताना नाक मुरडलं गेलं की स्वतःच्याच मनाला चिमटा काढायची. आपल्याच पोटच्या पोरीची शिसारी? कसली आई गं तू?

त्यात तिचं काम असं, की दुसऱ्याची थुंकी कानात ओतून घ्यायची. ती घरबसल्या आवाज साफ करायची. एक मोठं केंद्र होतं. तिथले 'सर' आत्मज्ञानावर बोलायचे, त्यांची भाषणं लोक चालताना, स्वयंपाक करताना, गाडीत बसून ऐकायचे. मूळ ध्वनिफीत तिच्याकडे यायची. पडद्यावर आवाजाची रेघ पसरायची. रेघ उंच झाली की शब्द, सपाट झाली की शांतता. सपाट भाग कापायचे, असा केंद्राचा हुकूम. सर थांबले की ऐकणारे पुढे पळतात म्हणे. शब्दांमधली बाकीची घाणही तीच काढायची. ओठ सुटतानाचा चिकट आवाज, जीभ टाळूपासून निघतानाचं 'टच्', दातांच्या फटीतून ओढलेली लाळ, घशात खाली उतरणारा घोट. हेडफोन लावला की वाटायचं, कुणीतरी कानात ओलं बोट घालतंय. मनातल्या मनात तिने सरांचं नाव मचमच्या ठेवलं होतं.

आणि बोलायचे काय? तर जे बोलता येत नाही त्याबद्दल. "शब्द तिथे पोचत नाहीत," असं म्हणायचे आणि त्या न पोचणाऱ्या शब्दांचा तासभर रतीब घालायचे.

"पोचत नाही ना? मग घरी जा म्हणावं," तिचा नवरा एकदा तिच्या खांद्यावरून ऐकत म्हणाला. तो लिफ्टा दुरुस्त करायचा. "मी गिऱ्हाइकाला सांगतो का, तुमची लिफ्ट वर जात नाही, या, बसा, तासभर त्याबद्दल बोलू?"

"तू जा रे. मला हसवू नकोस, हात हलला की रेघ चुकते."

तर अशा घरात आत्या आली. दोन पिशव्या, केसांच्या कलपाची डबी आणि टीव्हीवरच्या मालिकांचं वेळापत्रक तोंडपाठ. अख्खा जन्म तिने एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढला होता. पेशंटांचे उष्टे ट्रे धुवायच्या खोलीत, आधी कामगार आणि मग मुकादम. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "जमत होतं गं, मीच जमू दिलं नाही. दिवसभर उष्टं काढा आणि रात्री परत त्याचंच काढा? कुणी सांगितलंय?" तोंड फाटकं, चाल फताडी, आणि शेजारणीशी पहिल्याच आठवड्यात कचऱ्याच्या डब्यावरून भांडण. साधुत्व शोधायला गेलं तर आत्याच्या वाटेला कुणी फिरकलं नसतं.

पण पिलूशी ती वागायची ते बघताना पोरीची आई जागच्या जागी उभी राहायची. नाक वाहिलं की आत्या उघड्या बोटांनी पुसायची, घाई नाही, तोंड वाकडं नाही. पिलूने चघळून लगदा केलेलं बिस्किट स्वतःच्या तोंडात टाकायची.

"आत्या! ई! काय हे?"

"काय म्हणजे? बिस्किट."

"तिच्या तोंडातलं आहे ते."

"मग? तुझ्या तोंडातलं थोडंच आहे, विष असायला? कॉलेज शिकलीस, शेंबूड तेवढा शिकली नाहीस. काय गं भवाने, तुझी आई नापास, हो ना?"

पिलू खिदळायची. आणि कधीकधी, सिंकच्या भोकात अडकलेला गाळ काढताना किंवा लंगोट खळबळताना, आत्याचा हात थांबायचा. चेहरा सैल पडायचा. आवडतं गाणं लांबून ऐकू यावं तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर यायचं, जायचं, आणि मग ती "हं" म्हणून पुन्हा कामाला लागायची. "म्हातारी आहे, दमते," नवऱ्याने निदान केलं. पण तिला बाबांची जाळी आठवली. कुतूहल एकदा पोटात शिरलं की शिरलं. तरी तिने विचारलं नाही; विचारायची वेळच आली नाही.

त्याचं असं झालं. केंद्राने घरबसल्या ध्यानाची नवी मालिका काढली. सरांच्या आवाजाखाली एखाद्या घरातला संथ, निवांत आवाज हवा, असं केंद्राच्या ताईंचं म्हणणं. ताई म्हणजे सगळा कारभार बघणारी बाई. तिच्या बोलण्यात मध इतका की ऐकणाऱ्याचे कान चिकट व्हावेत. घरातला आवाज हवा ना, म्हणून दुपारी पिलूला झोपवायच्या वेळी पोरीच्या आईने आतल्या खोलीत कपाटावर रेकॉर्डर चालू करून ठेवला. "आत्या, जरा वेळ बोलू नकोस हं," असं सांगून ती बाहेर आली. आत्याला न बोलायला सांगणं म्हणजे नळाला न गळायला सांगणं. ते तिलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी तिने ते ऐकलं. आधी पंख्याची घरघर. मग पिलूची उलटी, तो ओला फसकारा, तिने दातावर दात दाबले. मग आत्याचा आवाज, कधी न ऐकलेला, खालचा.

"झालं? ओकलीस सगळं? बरं केलंस."

पंखा. कापडाने पुसल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने,

"मला पण आधी फार यायची गं. किळस."

पंखा.

"तिथे जाळी होती. मोरीची. सगळ्यांचं उष्टं तिथे येऊन बसायचं. केस… कुणाची जखमेवरची पट्टी… काय काय. हात घालून काढायचं. मी श्वास धरून घालायची."

इथे इतका वेळ काहीच नव्हतं की तिला वाटलं संपलं. रेघ सपाट, पार क्षितिजापर्यंत. मग,

"एक दिवस घातला. आणि… नव्हतं."

"म्हणजे होतं सगळं. होतंच. पण ते तिकडे नव्हतं. मी पण… इकडे…"

"हात होता. कुणाचा कुणास ठाऊक."

आत्या हसली. खोकली. "बाहेरून बाई ओरडली, पाणी तुंबलंय, झोपलीस की काय! म्हटलं, आले. आले बाई."

पंखा, पंखा.

"मग नाही आली कधी. किळस. ते तसलं काहीतरी… जाऊ दे. तुला काय सांगायचं? तुला माहीतच आहे."

तिने हेडफोन काढला. मग उठून आत गेली. पलंगाच्या कडेला उलटीचं फडकं पडलं होतं. तिने ते उचललं, आणि मोरीपर्यंत नेऊन, धुऊन, पिळून वाळत घातल्यावर तिच्या लक्षात आलं की आज मधे कुठेच श्वास धरला नव्हता.

हे इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण जाग्यावर परत बसल्यावर समोर रेघ होतीच, आणि तिच्या हाताला रेघ दिसली की कापायची सवय. सपाट भाग गेले. खोकला गेला, हसू गेलं. ओरडणारी बाई विषयाला सोडून होती, ती गेली. "तुला माहीतच आहे" हे तर भलतंच. दहा महिन्यांच्या पोरीला काय माहीत असणार? तेही गेलं. उरलं ते, दोनचार शब्द मागेपुढे करून, असं धावलं: "मला आधी फार किळस यायची. जाळी होती, मोरीची. एक दिवस हात घातला आणि नव्हतं. होतं सगळं, पण ते तिकडे नव्हतं, मी पण इकडे. हात होता, कुणाचा कुणास ठाऊक. मग किळस आली नाही कधी." लख्ख. एका दमात.

ऐकताना तिला अभिमान वाटला. रोज मचमच्याचं उष्टं चाखणाऱ्या त्या केंद्राला एकदा खरं काय असतं ते तरी कळू दे, अशी एक खुन्नसही त्या अभिमानात होती. तिने ते ताईंना पाठवून दिलं. खाली लिहिलं, "हेही ऐका."

दुसऱ्या दिवशी ताई दारात. हातात फुलं, डोळ्यांत पाणी.

"सर रडले," त्या म्हणाल्या. "खरंच सांगते. कोण आहेत त्या? मला फक्त त्यांचे पाय बघायचेत."

"पाय?" आत्या आतून ओरडली. "भेगाळलेत. कशाला बघताय?"

मग सगळा उलगडा झाला. आत्याचा पारा असा चढला की पिलूसुद्धा चूप झाली. "माझं बोलणं चोरलंस? घरात चोर ठेवलास कपाटावर? अगं, मी त्या पोरीशी बोलत होते! तुझ्याशीसुद्धा नव्हे!"

"आत्या, चुकलं. ऐक ना…"

"तू ऐकलंस ना? झालं मग. आता त्या बोलण्याच्या अंत्ययात्रेला चार माणसं बोलव."

ताईंनी मधेच, अगदी हळू हाताने, हेडफोन आत्याच्या डोक्यावर ठेवला. "एकदाच ऐका. नाही आवडलं तर तुमच्यादेखत पुसून टाकते."

आत्या कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. मग आठ्या गेल्या. हात आपोआप केसांकडे गेला आणि बट कानामागे सारून आला.

"ही मी?"

"तुम्हीच."

"परत लाव."

पुन्हा ऐकल्यावर ती ओशाळी हसली, दाखवायला आणलेल्या मुलीसारखी. "बरी बोलते की मी," आत्या म्हणाली.

जन्मभर ट्रेच्या खडखडाटात ओरडून बोललेल्या बाईला स्वतःचा आवाज पहिल्यांदाच असा नितळ ऐकू आला होता. तिला दोष कसा द्यायचा?

पहिल्या सभेला सगळे गेले. केंद्राचं सभागृह गच्च. मोज्यांचा, अत्तराचा आणि बंद एसीचा एकत्र वास. खुर्चीच्या दांड्यावर कुणीतरी चिकटवलेला च्युइंगगमचा गोळा, त्यात पिलूचं बोट; ते सोडवण्यात तिचा अर्धा वेळ गेला. व्यासपीठावर सर मधे, आत्या डावीकडे, कॉलरला माईक.

आत्या बोलेना. "ते… जाळी होती म्हणजे… मोरीची…" आणि थांबली. खरी थांबली, घरी सिंकपाशी थांबायची तशी. क्षणभर त्या गच्च सभागृहात काहीतरी उघडतंय असं पोरीच्या आईला वाटलं. लोक चुळबुळले. कुणीतरी खोकलं. ताईंनी लगेच इशारा केला, आणि कर्ण्यांतून तिने कापलेला तो लख्ख आवाज घुमला. लोकांनी डोळे मिटले. शेजारचा एक धिप्पाड माणूस, हातावर इस्पितळाची पट्टी अजून तशीच, रुमालात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. ते तिला पुढे पुष्कळ दिवस छळत राहिलं.

आवाज संपल्यावर सरांनी ओठांवरून जीभ फिरवली, टच्, आणि म्हणाले, "घाण बाहेर नाही. मीपण आत नाही." टाळ्या. मग आपला ओलसर तळवा त्यांनी आत्याच्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ते सगळं लांबून बघताना तिने आपलाच हात रुमालाला पुसला.

पुढच्या सभेला आत्या अडखळली नाही. तिने ध्वनिफीत पाठ केली होती. त्याच्या पुढच्या वेळी "कुणाचा कुणास ठाऊक" च्या आधी तिने एक छोटा थांबा घेतला, अगदी मोजून मापून, आणि लोकांचा श्वास अडकला. घरी आल्यावर म्हणाली, "बघितलंस? तिथे थांबले की पकड येते." पोरीच्या आईने मान फिरवली. जिने आजवर मचमच्याचे थांबे कापले, तिला हा थांबा कापता येणार नव्हता.

सरांचं वाक्य आता पेल्यांवर आणि पिशव्यांवर छापून यायला लागलं. शेजारीण, जिच्याशी कचऱ्यावरून भांडण होतं, ती आत्याचा हात डोळ्यांना लावून गेली. "आता डबा हवा तिथे ठेवा हो," म्हणाली. आत्याने डबा होता तिथेच ठेवला, पण तिला शिव्या दिल्या नाहीत. घरात त्या शिव्यांची उणीव भासायला लागली.

मग एक दिवस पिलूचं नाक वाहिलं. आत्याने इकडेतिकडे बघितलं. कागदी रुमाल शोधला. हात लांब करून, दोन बोटांच्या चिमटीत धरून पुसलं आणि रुमाल टाकायला चटकन उठली. मोरीत पाणी वाजत राहिलं, बराच वेळ.

"आत्या?"

"काही नाही गं. चिकट होतं."

चिकट होतं! आत्या म्हणाली, चिकट होतं!

त्यानंतर तिने डोळे उघडे ठेवले आणि जे दिसलं ते तिला नको होतं. आत्या पेला विसळून घ्यायची, धुतलेला असला तरी. पिलूचं बिस्किट बाजूला सारायची. जेवताना ताटात कुणाचा केस तर नाही ना, म्हणून ताट उजेडाकडे धरायची. हात धुवायची, पुसायची, वास घ्यायची, परत धुवायची. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, चिरांतून लस आली, आणि ती लस बघून तिला स्वतःचीच ओकारी आली.

शेवटी एका दुपारी, पिलू झोपलेली असताना, तिने विचारलंच. "आत्या, काय होतंय तुला?"

आत्या खिडकीपाशी हात पुसत होती. पुसून झालेले हात तिने परत पुसले.

"गेलं," ती म्हणाली.

"काय?"

"तेच ते. नाव नव्हतं त्याला. आधी कसं, मोरीत हात घातला की असायचं आपलं. आठवायला लागायचं नाही. आता आठवायला जाते तर जाळी येतच नाही. वाक्य येतं. 'हात होता, कुणाचा कुणास ठाऊक.' माझ्याच आवाजात. तू धुऊन दिलेल्या. त्याच्या मागे काय होतं ते बघायला जावं, तर तिथे पण तेच वाक्य." ती हसली, पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही. "आणि जाळी आलीच समजा, तर नुसती घाण येते गं. केस आणि पट्ट्या. नाकात बसते. इतकी वर्षं कुठे होती ही घाण? साठवून ठेवली होती का कुणी माझ्यासाठी?"

"मग जाऊ नकोस तिथे. बास झालं. मी ताईंना सांगते."

"आणि इथे राहून काय करू? इथे मला दिसतं ना, गेलंय ते. तू बघतेस, ती पोर बघते. तिथे निदान सगळे म्हणतात, आहे. बाईंमध्ये आहे. इतके जण म्हणतात तर असेल कुठेतरी."

"आत्या, लोक काय, पेल्यावर छापलेलं वाचतात."

"मी पण तेच वाचते आता," आत्या म्हणाली.

आठवडाभरात ती केंद्रात राहायला गेली. पिशव्या ताईंच्या माणसांनी उचलल्या. नवऱ्याने लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि शक्य तितका वेळ सोडलं नाही. "आत्या, लिफ्ट बिघडली म्हणून सांगू का त्यांना?" तो म्हणाला. आत्याने त्याच्या गालाला हात लावायला म्हणून उचलला, आणि मधेच आवरला.

त्या दिवसापासून तिने सरांच्या फिती घेणं बंद केलं. आता ते ओठ ऐकवत नव्हते. पिलूला घेऊन ती केंद्रात गेली. ताई म्हणाल्या, बाई मौनात आहेत. पुन्हा गेली. बाई साधनेत आहेत. तिसऱ्यांदा ती दारातच बसली, पिलूने लंगोट भरला, वास सुटला, येणारे-जाणारे भाविक नाकाला रुमाल लावायला लागले, तेव्हा कुठे तिला आत सोडलं. घाण बाहेर नाही म्हणणाऱ्यांच्या दारात एवढ्याशा लंगोटाने काम केलं.

आत्याची खोली पांढरी होती. पांढऱ्या भिंती, पांढरी चादर, पांढरे कपडे. कलप निघून गेला होता, केसही पांढरे. केंद्रालाच ते बरे दिसत असावेत. हातांना पातळ हातमोजे.

"आत्या!"

"ये," आत्या म्हणाली, आणि व्यासपीठावरच्या आवाजात, "सगळे येतात, कुणीच येत नाही."

पिलूने तो चेहरा ओळखला. अख्खं अंग पुढे फेकून तिने हात पसरले. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. आत्याचे डोळे त्या तारेवर खिळले. ती मागे सरली, पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरली, आणि तोंडावर हातमोजा दाबून धरला. पिलूला काही कळेना. ती हात पसरूनच होती. मग हळूहळू खालचा ओठ थरथरायला लागला.

"ने तिला," आत्या हातमोज्याआडून म्हणाली. "ने गं. मला होत नाहीये."

"शुद्धतेच्या टप्प्यावर असं होतं," ताई दारातून मध ओतत होत्या. "सर म्हणतात, ही फार वरची पायरी आहे."

तेव्हा पिलूच्या आईला आली ती किळस साधी नव्हती. त्या पांढऱ्या भिंतींची, त्या मधाची, पाय बघायला आलेल्या फुलांची, टाळ्यांची, त्या गुळगुळीत वाक्याची आणि वाक्य गुळगुळीत करणाऱ्या स्वतःच्या हाताची, सगळ्यांची एकदम आली. कोपऱ्यात ताट झाकून ठेवलं होतं. तिने झाकण उचललं. पाव, उकडलेली भाजी, सगळं जसंच्या तसं, वरून वाळलेलं. तिने ते ताईंच्या नाकाखाली धरलं. "वरच्या पायरीवर जेवत नाहीत का? कधीपासून जेवली नाहीये ती? तिचे हात बघितलेत मोज्यांच्या आत? डॉक्टरला दाखवा तिला! तुमच्या सरांना सांगा, ती आजारी आहे, आजारी!"

आवाज सभागृहापर्यंत गेला असावा. दोन दणकट भाविक आले, अतिशय नम्रपणे तिचे दंड धरले आणि तिला रस्त्यावर आणून सोडलं. आता फाटकावरचा माणूस तिला लांबूनच ओळखतो. बाबा स्वतः येऊन गेले, त्यांनाही आत सोडलं नाही. पोलिसांनी विचारलं, बाई सज्ञान आहेत? स्वखुशीने राहतात? मग झालं तर.

रोज संध्याकाळी बाबा फोन करतात. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाले नाहीत. फक्त विचारतात, "काही कळलं का?" आणि तिच्याकडे सांगायला काही नसतं.

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढं मागणं आहे. तुमच्यात कुणी त्या केंद्रात जाणारं असेल, तुमची काकू, तुमचा साहेब, तुम्ही स्वतः, तर जा. खुशाल ऐका, तुम्हाला बरं वाटत असेल तर वाटू दे, तिचं काही म्हणणं नाही. पण सभा संपल्यावर लोक सरांच्या पायाशी जातील तेव्हा तुम्ही मागच्या पॅसेजमध्ये जा. शेवटची खोली. दाराला बाहेरून कडी आहे का बघा. आत पांढऱ्या केसांची, रुंद हाडाची बाई असेल. तिचे गाल आत गेलेत का बघा. ताट कुठे ठेवलंय, झाकण उचललेलं आहे का ते बघा. तिने हाकलून दिलं, शिव्या घातल्या तर फारच उत्तम, त्या नीट लक्षात ठेवा आणि जशाच्या तशा कळवा. नुसती हसली, गोड बोलली, तर मात्र फाटकाबाहेर या आणि लगेच फोन करा, कितीही वाजलेले असोत.